मम्प्सिमस आणि परभणीची भेंडी



स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुण्यांचं भाषण हा एकच कार्यक्रम असा असतो, की तो संपला की टाळ्या मनापासून पडतात. मला त्याची कल्पना आहे. पडद्यामागं नऊवारी नेसलेल्या मुली ताटकळल्यात. पोवाड्यातल्या मावळ्यांच्या मिशा घामानं सुटायला लागल्यात. शेलापागोट्यांच्या चिठ्ठ्या कुणाच्या खिशात आहेत, हे तर सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त सरांना नाही. तेव्हा मी फार वेळ घेणार नाही.

मी जन्मभर इंग्रजी शिकवलं. त्यामुळं कुठंही गेलो की कुणीतरी विचारतंच, "सर, इंग्रजी सुधारायला काय करावं?" आज त्याचं उत्तर मी देणार नाही. आज फक्त एक इंग्रजी शब्द देणार आहे. तो बारावीच्या परीक्षेत येत नाही आणि तलाठी भरतीतही येत नाही. पण गावात, घरात आणि आरशात रोज भेटतो.

शब्द आहे मम्प्सिमस.

हसू नका, शब्द खरा आहे, इंग्रजीच्या मोठ्या कोशात आहे. चूक दाखवून दिल्यावरही जो ती सोडत नाही तो माणूस म्हणजे मम्प्सिमस. त्यानं जपून ठेवलेल्या त्या चुकीलाही मम्प्सिमसच म्हणतात. आता चूक कुणाची होत नाही? नुसत्या चुकीनं कुणी मम्प्सिमस होत नाही. त्याला अंगात वेगळी कला लागते. कुणीतरी येऊन चूक समजावून सांगावी, ती आपल्याला समजावी, आणि तरीही आपण म्हणावं, "असू द्या, आमचं आहे तेच बरं."

या शब्दाच्या जन्माची गोष्ट पाचशे वर्षांपूर्वीची आहे. युरोपात तेव्हा चर्चमधली प्रार्थना लॅटिन भाषेत चालायची. ऐकणाऱ्यांना लॅटिन कळत नसे, आणि म्हणणाऱ्यांपैकीही कित्येकांना ती नुसती पाठ असे. प्रसाद घेतल्यानंतरच्या एका प्रार्थनेत 'सुम्प्सिमस' असा शब्द येतो. त्याचा अर्थ, आम्ही ग्रहण केलं. एक पाद्री तिथं 'मम्प्सिमस' म्हणायचा. लॅटिनमध्ये असा शब्दच नाही. एका जाणकारानं त्याला ते सांगितलं. त्यावर पाद्रीबुवांचं उत्तर असं, की तुमच्या नव्या सुम्प्सिमससाठी मी माझा जुना मम्प्सिमस सोडणार नाही.

ही गोष्ट लिहिली इरॅस्मस नावाच्या मोठ्या डच पंडितानं, 1516 साली, एका पत्रात. त्यानं ती त्याच वर्षी का लिहिली, हे समजून घेण्यासारखं आहे. त्यानं नुकतीच बायबलच्या नव्या कराराची मूळ ग्रीक संहिता जुनी हस्तलिखितं ताडून छापली होती. शेकडो वर्षं चालत आलेल्या लॅटिन भाषांतरात कुठं काय चुकलंय, ते दाखवलं होतं. लोकांनी आभार मानायचे, तर ते खवळले. आमचे आजे-पणजे हेच म्हणत आले, ते काय वेडे होते? अशा टीकाकारांसाठी इरॅस्मसनं हा पाद्री पुढं केला. दुसऱ्या वर्षी रिचर्ड पेस नावाच्या इंग्रज मुत्सद्द्यानं तीच गोष्ट आपल्या पुस्तकात सांगितली. त्यात पाद्री इंग्रज झाला, आणि ती चूक तो तीस वर्षं करत आला होता, अशी भर पडली. गोष्ट जितकी फिरते तितकी फुगते, हे सगळीकडं सारखंच.

पुढं 1545 मध्ये, नाताळच्या आदल्या दिवशी, इंग्लंडचा राजा आठवा हेन्री पार्लमेंटपुढं बोलायला उभा राहिला. धर्मोपदेशकांच्या आपसातल्या भांडणांना तो कंटाळला होता. त्यानं सुनावलं, की तुमच्यातले काही जण जुन्या मम्प्सिमसला ताठ धरून बसलेत आणि काही जण नव्या सुम्प्सिमसच्या नको तितके मागं लागलेत. राजहट्ट काय चीज असते हे ज्याच्याकडं बघून शिकावं, असा तो राजा. बोलला मात्र शहाणपणाचं. जुन्याला डोळे मिटून धरून बसणं हा जसा हेका, तसंच नवं आहे एवढ्यासाठीच त्याच्यामागं धावणं हाही हेकाच. आता मोबाईलचंच बघा. सकाळी काही आलं, दुपारी ते खोटं निघालं, तरी संध्याकाळी आपण ते पुढं पाठवतोच. तो पाद्री निदान एका चर्चपुरता होता.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडं याला शब्द नाही का? शब्द कशाला, अख्खी म्हण आहे. गाढवापुढं वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता. त्या पाद्र्याचं उत्तर शब्दाशब्दानं हेच आहे. शिवाय सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, हे आपण रोज कुणाला ना कुणाला ऐकवतोच.

हट्टासाठी प्रत्येक भाषेनं शब्दांची रास घातलीय. इंग्रजीत 'ऑब्स्टिनेट' म्हणतात, त्याच्या लॅटिन मुळात एका जागी ठाम उभं राहणं आहे. 'रिकॅल्सिट्रंट' म्हणतात, त्याच्या मुळात टाच आहे, म्हणजे घोडा मागच्या पायानं लाथ झाडतो ती. मराठीत हट्ट आहे, हेका आहे, अडेलपणा आहे, दुराग्रह आहे. आणि एक शब्द असा आहे, की त्याच्यावर आपण जीव टाकतो. तो म्हणजे जिद्द.

हा जिद्द शब्द मुळातला अरबी. तिकडं त्याचा अर्थ विरुद्ध, उलट. फारसी-उर्दूच्या वाटेनं तो आपल्याकडं आला. मराठवाड्यावर हैदराबादच्या निजामाचं राज्य होतं तेव्हा सरकारी कामकाज आणि वरचं शिक्षण उर्दूत चालायचं, त्यामुळं आपल्या आजोबांच्या पिढीच्या तोंडी तर उर्दू घरच्यासारखी होती. आता गंमत बघा. हिंदीत 'जिद्दी बच्चा' म्हटलं की त्याची आई वैतागलेली असते. मराठीत 'जिद्दी मुलगा' म्हटलं की त्याच्या गळ्यात हार असतो. शब्द तोच, पण मराठीनं त्याची बाजू बदलली. का बदलली असेल? मला वाटतं, हट्टात वाईट हट्टच असतो असं नाही, चांगला हट्टही असतो, हे मराठी माणसाला वेगळं काढून दाखवायचं होतं.

पण या दोन हट्टांतला फरक ओळखायचा कसा? दिसायला दोन्ही सारखेच. दोघंही ऐकत नाहीत, दोघंही मागं हटत नाहीत. हा फरक मी तुम्हाला आपल्याच मातीतल्या दोन उदाहरणांनी दाखवतो.

पहिलं उदाहरण 1938 सालचं. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद असे पाच जिल्हे. पदवी घ्यायची तर हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ गाठायचं. त्या वर्षी औरंगाबादच्या कॉलेजात आणि मग उस्मानियाच्या वसतिगृहांत विद्यार्थ्यांनी प्रार्थनेच्या वेळी 'वंदे मातरम्' म्हणायला सुरुवात केली. सरकारनं मनाई केली. पोरांनी मानली नाही. तुमच्याहून चार-दोन वर्षांनी मोठी पोरं ती. खेड्यातून आलेली, घरच्यांनी पोटाला चिमटा काढून पाठवलेली. शेकडोंना काढून टाकलं. एका गीतासाठी शिक्षण पणाला लागलं.

पण ही मुलं 'उस्मानियातच शिकू' म्हणून अडून बसली नाहीत. नागपूर विद्यापीठानं त्यांच्यासाठी दार उघडलं, आणि मुलं तिकडं गेली. भाषा बदलली, गाव बदललं, अभ्यासक्रम बदलला, गीत बदललं नाही. त्या मुलांमध्ये पी. व्ही. नरसिंह राव होते. पुढं ते देशाचे पंतप्रधान झाले. आणि समोरचा राजहट्ट? 1947 मध्ये देश स्वतंत्र झाला तरी निजामाला वेगळं राज्य हवं होतं. तो हट्ट 17 सप्टेंबर 1948 ला संपला. आपण दरवर्षी त्या दिवशी झेंडावंदन करतो. त्या झेंड्यामागं या काढून टाकलेल्या पोरांचाही वाटा आहे, हे लक्षात ठेवा.

दुसरं उदाहरण तुमच्या डब्यातलं आहे. भेंडी.

हसा, पण ऐका. परभणीला कृषी विद्यापीठ 18 मे 1972 ला स्थापन झालं. आज त्याला वसंतराव नाईकांचं नाव आहे. त्या काळात भेंडी लावणाऱ्या शेतकऱ्याचा मोठा शत्रू होता केवडा, म्हणजे हळद्या. पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, मग अख्खं पान पिवळं होतं, फळं खुरटतात, पिवळट पडतात, बाजारात त्यांना कुणी हात लावत नाही. हा रोग विषाणूचा. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. विषाणूवर फवारा चालत नाही, आणि माश्या मारून माराव्यात तरी किती?

देशभर तेव्हा 'पुसा सावनी' ही दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची भेंडी लावत. सुरुवातीला तिनं या रोगापुढं टिकाव धरला होता. पुढं तीही बळी पडायला लागली. अशा वेळी दोन वाटा असतात. एक म्हणजे, 'हीच भेंडी चांगली, आमच्या वडलांनी लावली, आम्हीही लावणार,' असं म्हणत वर्षानुवर्षं पिवळी पानं मोजत बसायचं. परभणीच्या शास्त्रज्ञांनी दुसरी वाट धरली. डॉ. वाय. एस. नेरकर आणि डॉ. एन. डी. जांभळे यांनी भेंडीचा एक दूरचा नातलग निवडला. शास्त्रीय नाव अबेलमोस्कस मॅनिहॉट. आपल्या भेंडीसारखी फळं त्याला येत नाहीत, पण हळद्या त्याला सहजी लागत नाही. पुसा सावनी आणि हा नातलग यांचा संकर केला. रोपं आली, पण बहुतेक वांझ. बीच धरेना.

इथं कुणीही म्हटलं असतं, जमत नाही, सोडा. त्यांनी त्या संकरित रोपांचा पुन्हा पुसा सावनीशी संकर केला. याला प्रतिसंकर म्हणतात. मग पिढ्यामागून पिढ्या रोगाच्या तडाख्यात तगलेली झाडं निवडत राहिले. भेंडीची एक पिढी म्हणजे एक हंगाम. एखादा हंगाम फुकट गेला की पुढच्या हंगामाची वाट बघायची. अशानं 1985 च्या सुमारास एक नवं वाण आलं. नाव ठेवलं 'परभणी क्रांती'. 1986 मध्ये या वाणावरचा त्यांचा लेख अमेरिकेतल्या उद्यानविद्येच्या नियतकालिकात छापून आला. देशात कुठं कुठं भेंडीच्या शेतात परभणीचं नाव पोचलं. जगात जर्मनी, भारतात परभणी, ही म्हण कुठून आली यावर दहा जण अकरा कथा सांगतात. मला विचाराल तर भेंडीपुरती तरी ती म्हण या माणसांनी खरी केली.

पण गोष्ट इथं संपत नाही, आणि मला तिचा शेवटच जास्त आवडतो. विषाणूही बदलत राहतो. पुढं बऱ्याच भागांत परभणी क्रांतीवरही हळद्या दिसायला लागला. म्हणून काय शास्त्रज्ञांनी अभिमानानं तेच वाण छातीशी धरून ठेवलं? नाही. बंगळुरूच्या एका संशोधन संस्थेनं याच तऱ्हेच्या संकरातून 'अर्का अनामिका' आणलं, आणखी वाणं आली, काम चालूच आहे. भेंडी निरोगी राहिली पाहिजे हा हट्ट पुसा सावनीपासून आजपर्यंत तोच आहे. वाणं मात्र बदलत गेली.

जिद्द आणि मम्प्सिमस यांतला फरक तो एवढाच. जिद्दीचा माणूस जिथं पोचायचं ते ठिकाण सोडत नाही, पण वाट चुकली असं दिसलं की ती लगेच बदलतो. मम्प्सिमस वाट धरून बसतो आणि कुठं जायचं होतं तेच विसरतो. एकाचं म्हणणं 'खरं ते माझं', दुसऱ्याचं म्हणणं 'माझं तेच खरं'.

पालकहो, आता थोडं तुमच्याशी बोलतो. पाहुण्यानं गोड बोलून जावं अशी रीत आहे. पण मी याच परभणी जिल्ह्यातला आहे, तेव्हा मला तेवढी सूट द्या.

केंद्र सरकार दर काही वर्षांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करतं. 2019-21 च्या सर्वेक्षणात परभणी जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांना विचारलं, तुमचं लग्न कितव्या वर्षी झालं? 48 टक्के जणींचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेलं होतं. महाराष्ट्राचा आकडा सुमारे 22 टक्के. म्हणजे राज्याच्या दुपटीहून जास्त. ज्या जिल्ह्यानं देशाला भेंडी दिली, त्याच जिल्ह्यातल्या जवळजवळ निम्म्या मुली शाळेच्या वयात बोहल्यावर चढल्या.

याला कारणं आहेत, आणि ती खोटी नाहीत. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, उचल जोडीला मिळते. आई-बाप कारखान्याच्या तळावर गेले की वयात आलेली मुलगी कुणाच्या भरवशावर ठेवायची? वय वाढलं की हुंडा वाढतो. गावात पुढची शाळा नाही, एसटीची वेळ जुळत नाही. काळजी खरी आहे. पण त्या काळजीवर आपण शोधलेलं उत्तर चुकीचं आहे. ते चुकीचं आहे हे डॉक्टर सांगतात, शिक्षक सांगतात, कायदाही सांगतो. 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार मुलगी अठराची आणि मुलगा एकवीसचा झाल्याशिवाय लग्न लावणं हा गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. सगळं कळूनही आपण म्हणतो, "आमच्यात असंच असतं." हा आपला मम्प्सिमस. पाद्र्याच्या एका शब्दानं कुणाचं बाळंतपण अवघड झालं नव्हतं. आपल्या या चुकीची किंमत सोळा वर्षांची पोर मोजते.

आणखी एक सांगतो. आपल्या परंपरेनं तीन हट्ट सांगितलेत, बालहट्ट, स्त्रीहट्ट आणि राजहट्ट. मुलीनं 'मला पुढं शिकायचंय' म्हटलं की आपण म्हणतो, हट्ट करू नको. तेच मुलानं म्हटलं की आपण चारचौघांत सांगतो, पोरगा जिद्दी आहे. गोदाकाठच्या गंगाखेडची जनाबाई लहानपणी पंढरपुरातून परत यायला तयार झाली नाही, असं परंपरा सांगते. तिच्या त्या हट्टाला आपण सातशे वर्षं हात जोडतोय, आणि घरातल्या जनीनं तोंड उघडलं की तिला गप्प करतोय.

मुलांनो, तुम्हीही यात आहात. बहिणीचं लग्न ठरत असताना भावानं गप्प बसायचं, ही रीतही जुनीच आहे. तीही मोडा.

शिक्षक मित्रांनो, वर्गात कुणी आपली चूक दाखवली तर त्या मुलाला शाबासकी द्या. पाठ्यपुस्तकातल्या सगळ्या धड्यांपेक्षा तो धडा मोठा. मोठ्या माणसानं चूक मान्य करून फळ्यावरची ओळ पुसली, हे ज्यानं लहानपणी पाहिलं, तो सहसा मम्प्सिमस होत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आज बक्षिसं घेणाऱ्यांत मुली जास्त आहेत, हे मी व्यासपीठावरून बघितलं. माझी तुम्हा सगळ्यांकडं एकच मागणी आहे. पुढच्या वर्षी याच मांडवात अहवाल वाचला जाईल, तेव्हा 'अठराच्या आत लग्न झालं म्हणून शाळा सोडली' असं एकाही मुलीबद्दल सांगावं लागू नये. ते होऊ न देणं कुणाच्या हातात आहे? तुमच्या. वर्गातल्या मैत्रिणीची सुपारी फुटल्याचं कानावर आलं तर सरांना सांगा, मॅडमना सांगा. गावातला ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्याला सांगा. कुणाला सांगायची हिंमत झाली नाही तर 1098 हा नंबर फिरवा. तो फुकट लागतो, दिवसरात्र चालू असतो. आणि घरी कुणी म्हणालं, हट्ट करतेस, तर खुशाल हो म्हणा. या एका गोष्टीचा हट्ट आम्हा सगळ्यांना तुमच्याकडून हवा आहे.

आता पडदा वर जाऊ द्या.